आलेलुयाचा उपास

राखेचा बुधवार उजाडला की विरारच्या पश्चिमेकडच्या सगळ्या चर्चमधून, म्हणजे नंदाखाल, आगाशी, अर्नाळा या पट्ट्यातून, एक शब्द उठून जातो. आलेलुया. एरवी रविवारच्या मिस्सेत शुभवर्तमान वाचण्याआधी तो हमखास गायला जातो, लहान पोरंही झोपेतून उठवली तर त्याची चाल बिनचूक म्हणतील. उपवासकाळात मात्र तो कुणाच्या तोंडी येत नाही. कुणी या दिवसांत मटण-मासळी सोडतं, कुणी संध्याकाळचा घोट सोडतं, आणि चर्च हा एक शब्द सोडतं. सहा-साडेसहा आठवडे तो बंद. मग पवित्र गुरुवारी संध्याकाळी ग्लोरिया म्हणताना घंटा एकदा मनसोक्त वाजतात आणि त्याही गप्प होतात. त्यानंतर सूर धरून देण्यापुरतंच वाद्य, आणि घंटेच्या जागी कुठे कुठे लाकडावर लाकूड आपटल्याचा कोरडा खटखटाट.

ईस्टरच्या रात्रीच्या गाण्याबद्दल बोलणारे बहुतेक जण त्या रात्रीपासून सुरुवात करतात: काय तो कोरस, काय ती गर्दी, अंगावर कसा काटा आला. माझ्या कानांना वाटतं, ही रचना राखेच्या बुधवारीच सुरू होते आणि तिचं पहिलं प्रकरण म्हणजे निव्वळ विराम असतो. दोन सुरांमधली जागा गाता आली पाहिजे असं आपले गवई सांगतात. इथे ती जागा दीड महिन्याची आहे आणि ती अख्खं गाव मिळून गातं. शनिवारच्या रात्री जे ऐकून माणसं डोळे पुसतात, त्यातलं पुष्कळसं या जागेत आधीच तयार होऊन बसलेलं असतं.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी एकादशीचं भजन. शेजारच्या घरी रोझरी. त्या शेजाऱ्यांबरोबर नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये या विधीला जायला लागलो तो गाणं ऐकायला म्हणूनच. नंदाखाल म्हटलं की मराठी वाचकाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतील. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले दिब्रिटो याच गावचे. एकीकडे विरार स्टेशन नि टॉवर, दुसरीकडे अर्नाळ्याचा समुद्र, मध्ये जितक्या उरल्यात तितक्या केळीच्या नि फुलांच्या वाड्या. ईस्टर हा वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, त्यामुळे कधी होळीची, कधी चैत्राची पौर्णिमा नुकतीच सरलेली असते. उशिरा वर येणारा चंद्र, उकाडा, आणि बाहेर मैदानात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. दिवे सगळे घालवलेले.

हा विधी रात्रीचा आहे हे आज इतकं उघड वाटतं की, आपल्या आजोबांच्या काळी तो शनिवारी सकाळी व्हायचा यावर विश्वास बसत नाही. शतकानुशतकं तसंच चाललं होतं. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये आधी प्रयोग म्हणून आणि १९५६ पासून कायमचा तो रात्री आणला. म्हणजे ज्या गाण्यात रात्रीचीच आळवणी आहे ते गाणं लख्ख उन्हात, लॅटिनमध्ये, कळो न कळो, गायलं जात होतं. गाण्याची वेळ मोडली की रागाचं काय होतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

आवारात निखारे पेटवतात, त्यावरून पास्काची उंच मेणबत्ती लावतात. मग मिरवणूक निघते आणि तीन ठिकाणी थांबते. प्रत्येक थांब्यावर मेणबत्ती धरणारा ख्रिस्ताच्या प्रकाशाची एक इवलीशी घोषणा गातो आणि लोक तेवढंच छोटं उत्तर देतात. चाल एकच, दर वेळी पट्टी मात्र चढते. पहिल्या वेळी आवाज सावध असतो. काळोखात लोकांना नेमका सूर सापडत नाही, उत्तर फाटकं येतं. दुसऱ्या वेळी ते एकत्र येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या घोषणेच्या मध्ये ज्योत हातोहात पसरत जाते. कागदी कपाला भोक पाडून त्यात खोचलेली मेणबत्ती, बाजूच्याकडे झुकवलेली. मेणाचा थेंब मनगटावर पडला की एखादं पोर ‘आई गं’ करतं, आणि तेवढ्यात तिसरी घोषणा येते, सगळ्यांत उंच. एवढ्या उंचीवर ती प्रत्येकाला झेपतेच असं नाही. एका वर्षी त्या धर्मगुरूंचा आवाज तिथे चिरकला होता आणि लोकांनी नेहमीपेक्षा जास्त जोरात उत्तर दिलं. तो चिरकलेला सूर मला नंतरच्या कित्येक सफाईदार सुरांपेक्षा बरा वाटतो. पट्टी चढवायची ती अवघड व्हावी म्हणूनच.

यानंतर येते ती माझ्या लेखी या रात्रीची खरी चीज. एक्झुल्टेट. पास्काची घोषणा. एकच माणूस मेणबत्तीशेजारी उभा राहून गातो. डीकन असला तर तो, नाहीतर धर्मगुरू, तेही नसेल जमत तर गावातला एखादा गाता माणूस. साथ नाही. पाच-सहा सुरांच्या आवाक्यातली चाल, तीही बहुतेक वेळ एकाच सुरावर उभी. वाक्य त्या सुरावर चालत राहतं, शेवटाकडे थोडं वाकतं, टेकतं, पुन्हा उभं राहतं. युरोपातलं हे जुनं पठण मराठी कानाला परकं वाटत नाही, कारण पोथी अशीच वाचली जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांना हे चारशे वर्षांपूर्वी उमगलं होतं. हा इंग्रज जेसुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला, आणि ख्रिस्ताची कथा सांगायची वेळ आली तेव्हा त्याने ओवी धरली. १६१६ मध्ये राशोलला छापलेलं त्याचं ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचं आहे, आणि ते देवळात बसून ऐकायचं पुराण आहे, एकट्याने मनात वाचायचं पुस्तक नव्हे.

एक्झुल्टेटची बांधणी पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला गाणारा आधी स्वर्गाला हाक घालतो, मग पृथ्वीला, मग जमलेल्या लोकांना. हाकेचा पल्ला आखडत आखडत समोरच्या खुर्चीपर्यंत येतो. मग तो स्वतःसाठी प्रार्थना मागतो, की हे स्तवन मला पेलू दे. मैफलीच्या मधोमध गवयाने असं म्हणावं हे मला फार आवडतं. पुढे कथा सुरू होते: आदामाचं कर्ज, वल्हांडणाची कोकरं, तांबड्या समुद्रातून झालेली वाट, अग्नीचा खांब. प्रत्येक प्रसंगाला एकच धागा, हे सगळं घडलं ती रात्र हीच. इतिहासजमा रात्री आणि ही विरारची उकाड्याची रात्र यांच्यातलं अंतर ते धृपद पुसून टाकतं. आणि मग मध्येच, काही कळायच्या आत, गाणारा एक भलतंच धाडसाचं वाक्य बोलून जातो. ज्या पापामुळे एवढा मोठा तारणारा मिळाला त्या पापालाच तो भाग्याचं म्हणतो. चाल इथेही बदलत नाही. एखाद्या संगीतकाराने इथे नक्की काहीतरी ‘केलं’ असतं, सूर चढवला असता, वाद्यं थांबवली असती. इथे ते वाक्य बाकीच्या वाक्यांसारखंच चालत येतं नि निघून जातं, आणि तुम्ही दोन ओळी पुढे गेल्यावर दचकता.

मग मधमाश्या येतात. एवढ्या विराट कथेनंतर गाणारा समोरच्या मेणबत्तीकडे वळतो आणि मेण कुणी केलं त्यांची आठवण काढतो. ज्योत वाटली तरी कमी होत नाही हे सांगतो, आणि ते त्या क्षणी मैदानभर दिसत असतं. मध्ययुगात दक्षिण इटलीत हे स्तवन चामड्याच्या लांब गुंडाळीवर लिहीत. डीकन गात जाई तशी गुंडाळी उंच व्यासपीठावरून खाली सुटत जाई. अशा पुष्कळ गुंडाळ्यांवर चित्रं अक्षरांच्या उलट काढलेली असत, डोकं खाली पाय वर, म्हणजे गाणाऱ्याला मजकूर सरळ आणि खालच्या माणसांना चित्र सरळ दिसावं. बारी शहरातल्या अकराव्या शतकातल्या गुंडाळीत या मधमाश्याही रंगवलेल्या आहेत. नंदाखालला चित्रांची गुंडाळी नाही. खुर्च्यांच्या रांगांमधून शेकडो ज्योती हलत असतात, काम भागतं.

एकच गाणारा, तालावाचून, आणि दहाएक मिनिटं. मोबाइलच्या जमान्यात हे कसं टिकतं याचं मला आश्चर्य वाटतं. टिकत नाही अशीही वर्षं असतात. त्याची लहान आवृत्ती वापरायला परवानगी आहे आणि ती वापरली जाते. तेव्हा मी मनातल्या मनात चरफडतो.

गाण्याने रडू येणं ही गोष्ट ख्रिस्ती परंपरेत फार जुनी आहे, आणि तिच्याबद्दलचा संकोचही. संत ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ मध्ये मिलानला, ईस्टरच्याच रात्री झाला. त्या दिवसांत चर्चमधली स्तोत्रं ऐकून आपण किती रडलो ते त्याने आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. तोच सांगतो की मिलानमध्ये सगळ्या लोकांनी मिळून गाण्याची रीत नुकतीच पडली होती, कारण राजमातेच्या रोषामुळे बिशपांसोबत लोक चर्चमध्ये रात्र-रात्र जागत होते, आणि त्यांनी शिणून हाय खाऊ नये म्हणून गाणं सुरू झालं. समूहगायनाचं यापेक्षा खरं कारण मला माहीत नाही. पुढे मात्र हाच ऑगस्टीन कबूल करतो की शब्दांपेक्षा सुरानेच आपण जास्त हलतो तेव्हा आपल्याला ते पाप वाटतं, अशा वेळी गाणं कानावर पडलंच नसतं तर बरं होतं. हरिपाठाच्या चालीवर डोलत मोठ्या झालेल्या माणसाला हा अपराधभाव तितकासा पोचत नाही. नाम गोड का चाल गोड, याचा निवाडा आमच्याकडे कुणी मागत नाही.

एक्झुल्टेटनंतर जुन्या करारातली वाचनं. सात ठरलेली आहेत. कमी केली तरी तांबड्या समुद्राचं टाळता येत नाही. दर वाचनानंतर स्तोत्र. इथे गायकवृंद पहिल्यांदा पुढे येतो आणि इथेच माझी कुरकुर सुरू होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. त्यानंतर मराठी गीतांचा मोठा साठा तयार झाला. त्यात ग्रेगोरियन वळणाचं आहे, हार्मोनियम-तबल्यावरचं भजनी अंगाचं आहे, आणि सिनेमाच्या वळणाचंही आहे. देशी चालींचा प्रयत्न काही नवा नाही. प्रोटेस्टंटांकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या पायाशी कधीच नेऊन ठेवले होते. कॅथलिकांमध्ये युरोपातून आलेले फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी अंधेरीच्या ज्ञान आश्रमात हिंदुस्थानी संगीत आणि नृत्य यांत अवघं आयुष्य घातलं. कुरकुर चालींबद्दल नाहीच. कीबोर्डमधल्या तयार ठेक्याबद्दल आहे. इतका वेळ साथीशिवाय चाललेल्या आवाजावर तो डबा वाजायला लागला की कान एकदम लग्नाच्या हॉलमध्ये जातो.

गायकवृंदाची तालीम मी एकदा ऐकली आहे. पंखे बंद, कारण कागद उडतात आणि आवाजही खातात. झेरॉक्सचे कागद पेन्सिलने गिरगटलेले. सोप्रानोंना चाल मिळते, बासांना पाया मिळतो, टेनरांना भाव मिळतो. आल्टो बायकांच्या वाट्याला मात्र एकाच जागी उभी असलेली ओळ येते, तीन-चार सुरांत घुटमळणारी, घरी जाऊन गुणगुणावी अशी अजिबात नाही. शिकवणाऱ्या सरांनी कीबोर्ड बंद करून सगळ्यांना गायला लावलं, मग हात वर करून आल्टोंना थांबवलं. बाकीचे गात राहिले. सगळं होतं, पण गाणं पोकळ झालं होतं. “कळलं ना, तुम्ही काय करता ते?” सर म्हणाले. एक शिक्षिका बाई बाजूचीला म्हणाल्या, “कळलं हो, पण ऐकू तर यायला पाहिजे कुणाला!” त्या दिवशी उशिरा पोचलेला टेनर चर्चगेटहून विरार फास्टमध्ये लोंबकळत आला होता आणि डब्यातल्या भजनी मंडळाचा अभंग अजून त्याच्या डोक्यात चालू होता, असं त्यानेच सांगितलं. चार आवाजांची ही हार्मनी आपल्या परंपरेत नाही. एक सूर, त्याभोवती सगळे, ही आपली रीत. म्हणूनच, सतत नव्हे तर मोजक्या जागी, चार आवाज एकमेकांपासून फुटून पुन्हा एका स्वरात मिळाले की आपल्या कानाला त्याची जास्त भूल पडते. सवय झालेल्यांना ती पडत असेल का, शंका आहे.

वाचनं संपतात आणि ग्लोरिया येतो. वेदीवरच्या मेणबत्त्या लागतात, आणि गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा सुटतात. सुटतात हाच शब्द. मनोऱ्यातली मोठी, वेदीजवळच्या पोरांच्या हातातल्या लहान, सगळ्या एकदम, कुणाचा कुणाशी मेळ नाही. गायकवृंदाने महिनाभर घोटलेली हार्मनी या गदारोळात निम्मी बुडते. तालमीतले सर त्यावर हळहळतात. मला ते बुडणंच हवंसं वाटतं. इतक्या नेमक्या विधीत ही एक जागा अशी आहे जिथे आवाजाला शिस्त नाही.

वसईच्या घंटांबद्दल आणखी एक गोष्ट आहे जी या क्षणी आठवल्याशिवाय राहत नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगिजांना दिला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला, आणि इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावरची, अशा घंटांची परंपरा वसईशीच जोडली जाते. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आजही दिसते. नाशिकला गोदावरीचा पूर मोजताना नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं का, असं विचारतात. म्हणजे वसईच्या मानल्या गेलेल्या घंटेने तिकडे भलतीच नोकरी धरली. शिवाच्या दारात वाजणाऱ्या त्या घंटांबद्दल मला ना खेद होतो ना अभिमान. एवढंच मनात येतं की वसईकर या रात्री घंटा जरा जास्तच वेळ वाजवतात. कदाचित हे माझं ऐकणं असेल.

मग पत्राचं वाचन, आणि सगळे उभे राहतात. आता तो शब्द. विधी असा की धर्मगुरूंनी आलेलुया तीनदा गायचा, दर वेळी एक पायरी वर, आणि लोकांनी तो तसाच परत द्यायचा. सुरुवातीला मेणबत्तीबरोबर जी चढण ऐकली तीच चढण, आता उजेडात. रचनेच्या दृष्टीने हा फार हुशार योग आहे. काळोखात शिकवलेला हिशेब इथे सोडवून दाखवला जातो. आणि या चालीत शेवटच्या अक्षरावर सूर लांबत जातात, शब्द संपला तरी आवाज पुढे चालत राहतो. ऑगस्टीनने स्तोत्रांवर लिहिताना अशा बिनशब्दांच्या गाण्याबद्दल म्हटलं आहे की आनंद शब्दांत मावेनासा झाला की माणूस असं गातो, आणि त्याने उदाहरण दिलंय ते सुगीच्या वेळी शेतात गाणाऱ्यांचं. आपल्याकडे त्याला आकार म्हणू. ख्यालातला गवई बंदिश सोडून आकारात शिरतो तेव्हा त्याला कारण विचारत नाहीत. गुडघेदुखीने इतका वेळ बसून असलेली म्हातारी बाई या तिसऱ्या आलेलुयाला खुर्चीच्या पाठीला धरून उठते आणि तो लांबलेला सूर आपल्या मापाने लवकर तोडते. श्वास पुरत नाही. शेजारची नात तोच सूर पुढे नेते. कोणी ठरवून केलेलं नसतं.

रसिक म्हणून मला विचाराल तर इथे कळस व्हायला हवा. होतोही. पण माझ्या डोळ्यांत पाणी येतं ते यानंतर बऱ्याच वेळाने, उपदेश संपल्यावर, बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी संतांची माळ गातात तेव्हा. संगीत म्हणून ती काहीच नाही. गाणारा एक नाव घेतो, लोक एक विनवणी म्हणतात. पुन्हा नाव, पुन्हा तीच विनवणी. मरियम, पेत्र, पौल, फ्रान्सिस, आणि कधीतरी त्या परक्या नावांच्या रांगेत गोन्सालो गार्सिया. हा वसईचा मुलगा. फ्रान्सिस्कन झाला, जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांबरोबर त्याला क्रूसावर चढवून मारलं. त्या सव्वीसांत लहान मुलंही होती आणि क्रूसावरून ती स्तोत्र गात होती असं तिथल्या हकीकतींत लिहिलेलं आहे. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याचं नाव आलं की विनवणीचा सूर बदलत नाही, जोरही वाढत नाही. जणू हाक मारली की शेजारच्या आळीतून येईल, इतक्या सहज लोक त्याला प्रार्थना करायला सांगतात.

मिस्सेच्या अखेरीला निरोपाच्या वाक्यालाही दोन आलेलुया जोडलेले असतात आणि तेही गाऊनच म्हणतात. तेवढ्यावर माणसं उठतात, खुर्च्या सरकतात, ईस्टरच्या शुभेच्छा सुरू होतात. गायकवृंद हेंडेलचा कोरस सुरू करतो, ‘मसाया’मधला, जो १७४२च्या एप्रिलमध्ये डब्लिनला पहिल्यांदा गायला गेला आणि तेव्हापासून जगभरच्या कोरसांनी ईस्टरला स्वतःवर ओढवून घेतला आहे. तो इतका वेळ सांभाळलेल्या आवाजांना आता पेलत नाही, टेनर एका प्रवेशाला आधीच घुसतात, पण ऐकायला थांबलेले सगळे दिलखुलास असतात. नंतर आवारात तेच टेनर आणि कीबोर्डवाला यांच्यात आपण खाली गेलो की तो वर होता, यावर जुंपते. आल्टो बायका चहाच्या रांगेत पुढे असतात आणि या वादात पडत नाहीत.